पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : चित्तशांतीची नित्यसाधना

मनुष्याचे मन स्वभावतःच चंचल आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारखा महारथीही या मनापुढे हात टेकतो, आणि वाऱ्याची मोट बांधणे जितके कठीण तितकेच मनाला आवरणे कठीण आहे, अशी कबुली भगवंतांपाशी देतो. भगवंत त्याची ही अडचण नाकारीत नाहीत. मन दुर्निग्रह आहे हे मान्य करूनच ते अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. मन ज्या ज्या ठिकाणी धावेल त्या त्या ठिकाणाहून त्याला पुनः पुनः परत आणावे, यालाच तेथे अभ्यास म्हटले आहे.

हे वाचल्यावर संसारी माणसाच्या मनात एक शंका येते. हा अभ्यास अरण्यात बसलेल्या योग्यास साधेल. परंतु ज्याच्या डोक्यावर घराचा, व्यवसायाचा, आजारपणाचा व देण्याघेण्याचा भार आहे, त्याने काय करावे? अशा गृहस्थाश्रमी वाचकांसाठी आपल्याच माळव्याच्या भूमीत एक मोठे उदाहरण घडून गेले आहे. एका दौलतीचा संपूर्ण भार, घरातील एकामागून एक मृत्यू आणि शेजारच्या सत्ताधीशांचा लोभ, इतके सारे सांभाळीत ज्यांनी आपले चित्त ठिकाणावर ठेविले, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याचे येथे योजिले आहे. त्यांनी बांधलेली देवालये व घाट आपण नेहमी आठवतो. त्या बांधकामामागे जे मन होते ते कसे घडले व कशावर टिकले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

चौंडी ते इंदूर

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव सांप्रतच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर साधे, परंतु भाविक. मुलीने अक्षर ओळखावे, इतकी दृष्टी त्या काळीही माणकोजींपाशी होती. पुढे पुराणे स्वतः वाचून समजून घेण्याची जी योग्यता अहिल्याबाईंच्या अंगी आली, तिचे बीज येथेच पडले.

मराठी सत्तेचे एक प्रमुख सेनानी सुभेदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीला आपली सून करून घेतले. 1733 च्या सुमारास मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला आणि खेड्यातील ती मुलगी माळव्यात आली. 1745 मध्ये मालेराव हा पुत्र व 1748 मध्ये मुक्ताबाई ही कन्या त्यांना झाली.

सासऱ्यांनी सुनेची बुद्धी लवकरच ओळखली. मल्हारराव बहुधा मोहिमेवर असत. मागे राहिलेल्या दौलतीचा हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, इतकेच नव्हे तर तोफखान्याची व दारूगोळ्याची तरतूद, ही कामे त्यांनी हळूहळू सुनेवर सोपविली. 1765 मधील त्यांच्या पत्रव्यवहारात ग्वाल्हेरच्या बाजूस तोफखान्याची व्यवस्था कशी राखावी याच्या सूचना ते सुनेला देत आहेत, असे दिसते. एखादा गुरू शिष्याला पायरी-पायरीने पुढे नेतो, तसे हे शिक्षण होते. मनाच्या स्थैर्याचा पहिला पाठ अहिल्याबाईंना अशा रीतीने कामातच मिळाला. समोर आलेले एक काम पूर्ण लक्ष देऊन करावे, ते पुरे झाल्यावर मगच दुसऱ्यास हात घालावा, ही सवय त्यांना या काळात लागली असली पाहिजे. कारण पुढील सर्व आयुष्यात ती त्यांच्या ठायी दिसून येते.

आघातांची मालिका

1754 च्या मार्च महिन्यात भरतपूरच्या जाटांच्या कुंभेर किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला असता खंडेराव तोफेचा गोळा लागून मृत्यू पावले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. तत्कालीन रूढीप्रमाणे त्यांनी सती जाण्याची तयारी केली. वृद्ध होत चाललेल्या मल्हाररावांनी मोठ्या आर्ततेने त्यांना अडविले. पुत्र गेला, आता दौलतीचा व घराचा आधार तूच, असा त्यांचा आशय होता. अहिल्याबाईंनी सासऱ्यांचा शब्द मानला. लोकनिंदा सहन करण्याचे धैर्य ज्याच्या ठिकाणी असेल त्यालाच असा निर्णय घेता येतो. मरणे त्या क्षणी सोपे होते, जगणे अवघड होते. त्यांनी अवघड ते पत्करिले.

20 मे 1766 रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनीही देह ठेविला. पेशव्यांनी दौलतीची वस्त्रे नातू मालेराव यांना दिली. परंतु मालेरावांची प्रकृती स्थिर नव्हती व वृत्तीही स्थिर नव्हती. एका निरपराध माणसाचा आपल्या हातून वध झाला, या जाणिवेने त्यांना वेडाने घेरले अशी हकीगत आहे. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून राहिल्या. तथापि गादीवर येऊन वर्ष पुरे होण्यापूर्वीच, 1767 मध्ये मालेराव निवर्तले. पती, पित्यासमान सासरे आणि एकुलता एक पुत्र अशी तीन माणसे तेरा वर्षांच्या अवधीत गेली.

या दुःखात क्षणभर बसून राहण्याचीही सवड त्यांना मिळाली नाही. दौलतीचे जुने कारभारी गंगाधर यशवंत यांनी असा सल्ला दिला की, बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, स्वतःसाठी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे व कारभार आपण पाहू. या बेतात पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांनाही सामील करून घेण्यात आले आणि ते फौजेनिशी माळव्याकडे निघाले. अहिल्याबाईंनी दत्तकाची सूचना साफ नाकारिली. एका बाजूस त्यांनी शिंदे, भोसले आदी सरदारांकडे व पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू कळविली. दुसऱ्या बाजूस तुकोजी होळकर यांना फौज देऊन क्षिप्रेच्या काठी उभे केले. रघुनाथरावांना त्यांनी कळविले त्याचा आशय असा सांगतात की, एका स्त्रीशी लढून जिंकल्याने कीर्ती वाढणार नाही आणि हरल्यास मात्र तोंड दाखविण्यास जागा राहणार नाही. रघुनाथरावांनी परिस्थिती ओळखली व आपण केवळ दुखवट्याच्या समाचारास आलो आहोत असे सांगून प्रसंग मिटविला. माधवरावांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. मुलकी कारभार अहिल्याबाईंनी पाहावा व सैन्य तुकोजींनी सांभाळावे, अशी वाटणी ठरली आणि ती जवळजवळ अठ्ठावीस वर्षे टिकली.

पुत्रशोक ताजा असताना हे सारे घडले, ही गोष्ट लक्षात घ्यावी. संतापाने पेटलेले मन लढाईस सिद्ध झाले असते, खचलेले मन शरण गेले असते. पत्र कोणास लिहावे, फौज कोठे उभी करावी आणि कोणता शब्द कोणाच्या वर्मी लागेल, हा विचार निवळ चित्तालाच सुचतो.

महेश्वरची दिनचर्या

कारभार हाती आल्यावर अहिल्याबाईंनी नर्मदेच्या काठी महेश्वर येथे आपले वास्तव्य ठेविले. तेथे त्यांचा दिवस कसा जात असे याची माहिती सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेविली आहे. 1818 च्या मंदसोर तहानंतर माळव्याची व्यवस्था त्याच्याकडे होती. बाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे त्या वेळी हयात होती. त्यांना विचारून त्याने ही हकीगत जमविली आणि मध्य हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या 1823 च्या ग्रंथात ती दिली. लोक करतात ती स्तुती खरी की भक्तीची, असा संशय मनात ठेवून आपण चौकशी केली, आणि चौकशीअंती आपला आदर वाढतच गेला, असा त्याचा अभिप्राय आहे.

सूर्योदयापूर्वी सुमारे एक तास बाई उठत. स्नान, संध्या व पूजा झाल्यावर ठराविक वेळ पुराणश्रवण होई. मग दानधर्म व ब्राह्मणभोजन. त्यानंतर स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. जेवणानंतर पुन्हा थोडा वेळ प्रार्थना व अल्प विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येऊन बसत आणि सायंकाळी सहापर्यंत प्रजेची गाऱ्हाणी ऐकत. पडदा त्यांनी कधी पाळला नाही. गाऱ्हाणे घेऊन येणारास त्यांच्यापर्यंत थेट वाट होती. सायंकाळचे दोन-तीन तास पुन्हा उपासना व अल्पाहार यांत जात. रात्री नऊच्या सुमारास कामकाज पुन्हा सुरू होई ते अकरापर्यंत चाले. मग निद्रा. व्रते, सण व राज्यावरील एखादे संकट सोडल्यास या क्रमात वर्षानुवर्षे फारसा फरक पडत नसे.

या दिनचर्येची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कामाच्या प्रत्येक मोठ्या भागाआधी उपासनेचा एक भाग ठेविलेला आहे. सकाळची पूजा व दुपारची प्रार्थना झाल्यावर दरबार. दरबार आटोपल्यावर सायंकाळची उपासना. त्यानंतर रात्रीचे कामकाज. दरबारात दिवसभर लोकांची भांडणे, लबाड्या व दुःखे कानांवर पडत. ती तशीच मनात घेऊन रात्रीच्या कागदांवर बसले असते तर न्यायबुद्धी गढूळ झाली असती. मधले ते दोन-तीन तास म्हणजे गढूळ पाणी निवळण्यासाठी दिलेला अवकाश होता. सवड मिळाली तर देवाचे नाव घेऊ, असा हा मामला नव्हता. उपासनेची वेळ आधी ठरलेली असे आणि राज्याचे काम तिच्या अवतीभोवती बसविलेले असे.

पूजेतील ध्यान

अहिल्याबाईंची उपासना मुख्यतः शिवाची. हाताच्या तळव्यावर शिवलिंग धारण केलेली त्यांची मूर्ती व चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. महेश्वरच्या वाड्यात मातीची पार्थिव लिंगे घडवून त्यांचे पूजन करण्याची व नंतर ती नर्मदेत विसर्जित करण्याची लिंगार्चनाची परंपरा त्यांच्याच नावाने सांगितली जाते आणि आजही ती तेथे चालू आहे.

पार्थिव पूजेचा विधी ज्यांनी केला आहे त्यांना तिच्यातील मर्म सहज समजेल. प्रथम आचमन व प्राणायाम. म्हणजे श्वासाकडे लक्ष नेऊन तो संथ करावयाचा. मग संकल्प, आज, या स्थळी, या वेळी मी अमुक कर्म करीत आहे, असे मनाला स्पष्ट सांगावयाचे. मग माती हाती घेऊन तिला आकार द्यावयाचा. बोटांना ओलसर मातीचा स्पर्श होत असतो, डोळ्यांसमोर आकार घडत असतो, कानांवर मंत्र पडत असतो. त्यानंतर न्यास, शरीराच्या एकेका अवयवास स्पर्श करून लक्ष तेथे न्यावयाचे. मग ध्यान, डोळे मिटून देवतेचे स्वरूप मनासमोर आणावयाचे. त्यापुढे आवाहन व उपचार, आणि शेवटी विसर्जन. ज्याला इतक्या प्रेमाने घडविले तेच पाण्यात सोडून द्यावयाचे.

हे सारे चालू असता पुरोहित जवळ बसून एकेक पायरी सांगत असतो. यजमानाचे मन भरकटले तरी पुरोहिताचा पुढला शब्द त्याला परत आणतो. पुराणश्रवणातही असेच घडते. पुराणिकाच्या वाणीचा धागा धरून श्रोत्याचे मन चालते. धागा सुटला तर पुन्हा धरावयाचा. ज्याला एकट्याने डोळे मिटून बसणे जड जाते, त्याला हा दुसऱ्याच्या वाणीचा आधार फार उपयोगी पडतो.

अलीकडे जगभर ध्यानाच्या मार्गदर्शनाचे वर्ग चालतात. 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी दीर्घ व्याधींनी त्रासलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा असा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे इगतपुरी येथे सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना केंद्रात 1976 पासून दहा-दहा दिवसांची शिबिरे होत आली आहेत. या पद्धती बौद्ध परंपरेतून आलेल्या आहेत, त्यांची तत्त्वे व शब्द वेगळे आहेत, आणि आपली पूजा व त्या पद्धती एकच होत असे म्हणणे बरोबर होणार नाही. तथापि मार्गदर्शकाच्या शब्दामागून लक्ष श्वासावर व शरीरावर नेणे, मन निसटले की न रागावता त्यास परत आणणे, आणि हे रोज ठरल्या वेळी करणे, इतका भाग दोहोंत समान आहे. घराघरांतील देवपूजेत ही सामग्री पूर्वीपासून आहे. घाईघाईने उरकलेल्या पूजेत मात्र तिचा लाभ होत नाही.

अहिल्याबाईंच्या साधनेचे आणखी एक अंग त्यांच्या कारभारात दिसते. राज्यातील आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराच्या आज्ञेचा निर्देश करण्याची त्यांची पद्धत होती. राज्य शंकराचे, आपण केवळ त्याची सेवा करणारे, ही भावना मनात मुरली की यशाने फुगणे व अपयशाने खचणे ही दोन्ही कमी होतात. रोज घडवून रोज विसर्जित होणाऱ्या मातीच्या लिंगाने शिकविलेला धडाच तो.

शांत चित्ताचा न्याय

मनःशांती खरी की खोटी हे देवघरात कळत नाही, ते व्यवहारात कळते. या कसोटीवर पाहिले असता इंदूरकरांना विशेष जवळची अशी एक हकीगत माल्कमच्या ग्रंथात आहे. इंदुरातील देवीचंद नावाचा एक धनिक सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांची छावणी त्या वेळी इंदुराजवळ होती. काही हितसंबंधी लोकांच्या सांगण्यावरून तुकोजींनी त्या संपत्तीत हिस्सा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरास बाईंच्या पायाशी गेली. बाईंनी तिचा हक्क मान्य करून तिला मानाची वस्त्रे दिली, आणि तुकोजींना आज्ञा पाठविली की त्यांनी इंदुराजवळून तळ हलवावा व आपल्या या शहरास अन्यायाच्या मागण्यांनी त्रास देऊ नये. सर्व सैन्य ज्यांच्या हाती होते त्या तुकोजींनी ही आज्ञा मुकाट्याने पाळली. या प्रसंगामुळे बाईंचे नाव इंदुराच्या लोकांना अधिकच प्रिय झाले.

सिरोंज येथील एका सावकाराच्या विधवेची हकीगतही अशीच आहे. दत्तकास मान्यता देण्यासाठी अधिकाऱ्याने तिच्याकडे तीन लाख रुपयांची मागणी केली होती. बाईंनी त्या अधिकाऱ्यास दूर केले, एक पैही न घेता दत्तक मान्य केला आणि त्या मुलाला मांडीवर बसवून वस्त्रे व पालखी देऊन परत पाठविले. स्वतःचा पुत्र गमावलेली ती माता परक्या मुलाला मांडीवर घेत होती, हे ध्यानात आणिले म्हणजे या हकीगतीचा अर्थ अधिक खोल जातो. दुःखाने त्यांचे अंतःकरण कोरडे पडले नव्हते.

स्तुतीच्या बाबतीतही त्यांचे चित्त असेच होते. एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीपर एक ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. आपण एक दुर्बळ व पापी स्त्री असून या स्तुतीस पात्र नाही, इतके बोलून त्यांनी तो ग्रंथ नर्मदेत टाकण्यास सांगितले व विषय संपविला. क्रोध नाही, खोटा विनयही नाही. मातीचे लिंग जसे पाण्यात जाई तशीच ही स्तुतीही गेली.

भर उन्हाळ्यात नांगराच्या बैलांना शेतात पाणी पाजण्यासाठी त्यांनी माणसे नेमिली होती. पाखरांना हाकलून देण्यात येई म्हणून उभी शेते विकत घेऊन ती त्यांच्यासाठी मोकळी ठेविली होती. काशीविश्वनाथाच्या मंदिराची 1780 च्या सुमारास झालेली पुनर्बांधणी, सोमनाथ येथील मंदिर, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा ही सर्व कार्ये आपणांस ठाऊकच आहेत. खजराण्याच्या गणेशमंदिराची उभारणीही परंपरा त्यांच्याच नावे सांगते.

सर्वांत कठीण दिवस

येथपर्यंतचे चरित्र वाचून कोणास असे वाटेल की, अशा साधनेने मनुष्य दुःखाच्या पलीकडे जातो. अहिल्याबाईंचे चरित्र तसे सांगत नाही, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटते.

कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा एकुलता एक मुलगा नथ्याबा हा आजीच्या जिव्हाळ्याचा विषय होता. 1790 च्या सुमारास ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर तो वारला. पाठोपाठ 1791 मध्ये यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. ज्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी सदतीस वर्षांपूर्वी परत फिरविले होते, त्याच आता मुलीला परत फिरविण्यासाठी विनवू लागल्या. आई म्हणून व राज्याची स्वामिनी म्हणूनही त्यांनी विनविले. मुक्ताबाईंनी ऐकिले नाही. आई वृद्ध झाली आहे, तिच्यामागे आपल्याला पती नाही व पुत्रही नाही, मग जगण्यास मान तरी काय, असे तिचे म्हणणे होते.

अहिल्याबाई मिरवणुकीबरोबर गेल्या व चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेविले होते. ज्वाला उठताच त्यांचा धीर सुटला. त्या आक्रोश करू लागल्या व धरलेले हात सोडविता येईनात म्हणून स्वतःचेच हात चावू लागल्या. नंतर स्वतःस सावरून त्यांनी नर्मदेत स्नान केले व त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही व एक शब्दही उच्चारिला नाही. त्यानंतर त्या उठल्या, गेलेल्यांचे स्मारक उभारण्याच्या कामास लागल्या आणि दरबार पुन्हा सुरू झाला.

ज्या रूढीपासून मल्हाररावांनी सुनेला वाचविले तिच्यापासून अहिल्याबाईंना आपली मुलगी वाचविता आली नाही, हे शल्य त्यांच्या चरित्रात कायम राहते. चाळीस वर्षांच्या उपासनेने त्यांना रडण्यापासून सोडविले नाही, आणि सोडवावे अशी अपेक्षाही करू नये. जी माता अशा वेळी रडत नाही तिला शांत म्हणता येणार नाही, तिला दगड म्हणावे लागेल. साधनेने त्यांना जे दिले ते निराळेच होते. चौथ्या दिवशी परत येण्यासाठी त्यांच्यापाशी एक ठिकाण होते. पहाटेचे स्नान, माती, मंत्र, पुराणिकाचा आवाज आणि दुपारी दोनला वाट पाहत असलेली माणसे ही वाट इतक्या वर्षांत पायांखाली इतकी मळलेली होती की, अंधारातही पाऊल तिच्यावरच पडावे.

अखेर

13 ऑगस्ट 1795 रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे अहिल्याबाईंनी देह ठेविला. त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. काळजीने व श्रमाने त्यांचे शरीर थकले होते, आणि कडक उपवासांमुळे हा अंत लवकर आला असे काहींचे मत माल्कमने नोंदविले आहे. त्यांच्या निष्ठेपुढे मस्तक नमवितानाच आपण हेही लक्षात ठेवावे की, गीतेने त्याच सहाव्या अध्यायात अति खाणे व अजिबात न खाणे, अति झोपणे व अति जागणे ही सर्व योगास प्रतिकूल म्हटली आहेत. थोर माणसांच्या चरित्रातून त्यांचा नेम घ्यावा. शरीराला झेपेल तेवढाच उपवास घ्यावा.

इंदुरात आज राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे, विश्वविद्यालयास व विमानतळास त्यांचे नाव आहे आणि पुण्यतिथीस त्यांची पालखी निघते. 2025 मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. नाव असे सर्वत्र आहे. त्यांचा नेम मात्र आपल्या घरी आहे काय, हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे आहे.

त्यासाठी फार मोठ्या सामग्रीची जरूर नाही. घरच्या पूजेत ध्यान ही पायरी असतेच. बहुधा ती एका श्वासात उरकली जाते. तेथे थोडे थांबावे. डोळे मिटून दहा-वीस श्वास संथपणे घ्यावे व सोडावे, देवाचे स्वरूप मनासमोर आणावे. मन बाजारात गेले, कचेरीत गेले, मुलाच्या परीक्षेत गेले, तरी स्वतःवर चिडू नये. त्याला हात धरून परत आणावे. एकट्याने साधत नसेल तर घरातील वडील माणसाने एकेक पायरी हळू आवाजात सांगावी व इतरांनी तिच्यामागून जावे. मुलांना तर हे फार लवकर जमते. सायंकाळी कामावरून आल्यावर घरच्यांशी बोलण्यापूर्वी असाच थोडा अवकाश ठेवावा, म्हणजे दरबारातील गढूळ पाणी घरात येणार नाही. ज्यांना दुःख फार जड झाले असेल, झोप व अन्न सुटले असेल, त्यांनी ध्यानाबरोबर वैद्यांचाही सल्ला घ्यावा. कुंभेरच्या त्या दिवशी अहिल्याबाईंनाही मल्हाररावांच्या शब्दाचा आधार घ्यावाच लागला होता.

नर्मदेच्या काठी रोज पहाटे मातीला आकार देणाऱ्या व तो रोज पाण्यात सोडून देणाऱ्या त्या पुण्यश्लोक मातेचे स्मरण आपणां सर्वांच्या चित्ताला स्थैर्य देवो, आणि त्या स्थैर्यातून आपल्या हातून दुसऱ्याचे चार अश्रू पुसले जावोत, हीच श्रीशंकराच्या चरणी प्रार्थना.